पाठीमागे न जाणारा हात

बायकांच्या हे सहसा आधी लक्षात येतं. वेणी घालायला हात डोक्यामागे जात नाही, आतल्या कपड्याचं मागचं हुक लावताना खांद्यातून कळ निघते, नऊवारी नेसणारीला कासोटा खोचता येत नाही. पुरुषांना कळायला थोडा वेळ लागतो. मागच्या खिशातलं पाकीट काढताना किंवा एसटीत वरचा दांडा धरताना त्यांचा हात अर्ध्यावर अडतो. मग घरोघरची ठरलेली निदानं सुरू होतात. उशी बदलली म्हणून झालं. पंख्याखाली अवघडून झोपलात. वात धरला. तेल जिरवून होतं, शेकून होतं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खाऊन होतात, ओळखीतला कुणी तरी हात ओढून ‘कट्’ असा आवाजही काढून देतो. तीन-चार महिने असे गेल्यावर माणूस हाडांच्या डॉक्टरांकडे पोहोचतो. डॉक्टर हात वर करून, बाहेर फिरवून बघतात आणि भलताच प्रश्न विचारतात : ‘‘काकू, शुगर कधी तपासली होती?’’

दुखतोय खांदा आणि विचारतात शुगर! काकू बुचकळ्यात पडतात, आणि त्यांचं चुकत नाही. मधुमेह म्हटलं की डोळे, किडनी, हृदय आणि पावलं आपल्याला आठवतात. तिथल्या बिघाडाने माणूस आंधळा होतो, पाय गमावतो, प्राणाला मुकतो. खांद्याने कुणी मरत नाही, त्यामुळे तो या यादीत कधी आलाच नाही. वर्षभर एका कुशीवर झोपता न येणं हे मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक.

आधी सांधा बघू. शाळेच्या पुस्तकात खांद्याला ‘उखळीचा सांधा’ म्हटलेलं असतं. खुब्याच्या बाबतीत ते अगदी खरं आहे, तिथे मांडीच्या हाडाचा गोळा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याची उखळ म्हणजे उथळ बशी. दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी त्या बशीला टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूदिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही सहज. या गोळ्याला आणि बशीला भोवतीने सांधणारं एक पातळ, लवचिक वेष्टन असतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. हात वर करायचा तर वेष्टनात सैलपणा हवा. शिंपी सदरा शिवताना काखेत थोडं जादा कापड सोडतो, तसा या वेष्टनालाही काखेच्या बाजूला एक ढिला घोळ असतो. हात खाली असताना तो चुण्या पडून लोंबतो, वर नेला की ताणला जातो.

खांदा आखडतो तेव्हा हाच सदरा आटतो. वेष्टन आधी सुजतं, मग जाड होतं, मग आकसतं. काखेतला घोळ नाहीसा होतो. सांध्याच्या समोरच्या बाजूचा एक अस्थिबंध दोरखंडासारखा घट्ट होतो आणि त्यामुळे हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याची क्रिया सर्वांत आधी जाते. अशा सांध्यात तपासणीसाठी द्रव भरायला गेलं तर अनेकदा दहा मिलिलिटरही मावत नाही. एक्स-रेत मात्र काहीच दिसत नाही, कारण हाडं धडधाकट असतात. ‘एक्स-रे नॉर्मल आहे म्हणतात, मग दुखतं कसं?’ हा घरच्यांचा शंकेखोर प्रश्न इथूनच जन्मतो. त्यात पेशंट सून असेल, तर विचारायलाच नको.

या दुखण्याचं सध्याचं नाव, फ्रोजन शोल्डर, बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट एमरी कॉडमन यांनी रूढ केलं. १९३४ साली त्यांनी खांद्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात ते आहे. त्याआधी १८७२ मध्ये फ्रान्समध्ये द्युप्ले यांनी अशा खांद्याचं वर्णन केलं होतं, आणि १९४५ मध्ये अमेरिकेतले नेविआझर म्हणाले की वेष्टन हाडाला चिकटलेलं असतं, म्हणून त्याला ‘चिकटणारा’ दाह म्हणावं. पुढे दुर्बिणीने आत बघता आलं तेव्हा दिसलं की मुख्य गोष्ट चिकटण्याची नसून आकसण्याची आहे. तोपर्यंत नाव मात्र चिकटलं होतं.

कॉडमन हा माणूस खांद्यापलीकडेही लक्षात ठेवण्याजोगा. शस्त्रक्रिया केलेल्या प्रत्येक रुग्णाचं वर्षभराने काय झालं याचा हिशेब रुग्णालयांनी ठेवावा आणि तो जाहीर करावा, असा त्यांचा हट्ट होता. १९१५ साली भर सभेत त्यांनी बोस्टनच्या वैद्यकीय प्रतिष्ठितांची टर उडवणारं व्यंगचित्र झळकावलं आणि आपल्या प्रतिष्ठेचा बराचसा भाग एका संध्याकाळीत गमावला. त्यांचा हा हट्ट पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडेही या दुखण्याला जुनं नाव आहे : अवबाहुक. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधींच्या पहिल्याच अध्यायात, खांद्यातला वात शिरा आखडवतो असं त्याचं वर्णन येतं. ‘वात धरला’ हे आजीचं निदान इतकं जुनं आहे. त्याच निदानस्थानाचा सहावा अध्याय प्रमेहाचा आहे आणि मधुमेह त्यातच येतो. दोन्ही रोग एकाच ग्रंथात, पाच अध्यायांच्या अंतरावर राहिले. त्यांची सोयरीक कळायला विसावं शतक निम्म्याहून अधिक सरावं लागलं.

इतका उशीर का, याचं एक कारण समजण्यासारखं आहे. इन्शुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोला. त्याआधी लहान वयात मधुमेह झालेला रुग्ण फार दिवस जगत नसे. सांधे आखडायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं त्याच्याकडे नसत. इन्शुलिनने ती दिली. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या लुंडबेक यांनी दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांचे हात ताठर होतात हे नोंदवलं. १९७४ मध्ये फ्लोरिडातले अर्लन रोझेनब्लूम आणि त्यांचे सहकारी मधुमेही मुलांच्या बोटांतला असाच ताठरपणा घेऊन पुढे आले. खांद्याचा थेट हिशेब मांडला तो ब्रिजमन यांनी, १९७२ मध्ये. त्यांनी ८०० मधुमेही आणि ६०० मधुमेह नसलेली माणसं तपासली. मधुमेहींमध्ये १०.८ टक्क्यांचा खांदा आखडलेला निघाला, इतरांमध्ये २.३ टक्क्यांचा. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या छाननीतही चित्र फारसं वेगळं नव्हतं : मधुमेहींमध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इतरांच्या सुमारे पाचपट. त्याच छाननीतला उलट्या बाजूचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. खांदा आखडलेल्यांपैकी जवळजवळ ३० टक्के लोकांना मधुमेह होता. डॉक्टरांचा तो भलता प्रश्न या आकड्यातून आलेला असतो.

आता हा आकडा आपल्या देशावर ठेवून बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर सांगितली. राज्यांमध्ये गोवा सर्वांत पुढे, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एकाहून जास्त. ‘मी तर सडपातळ आहे, मला कसली शुगर’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी झळकले. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असतोच असं नाही.

साखर खांद्याला नेमकं काय करते, हे समजायला स्वयंपाकघरात जावं लागेल. बासुंदीसाठी दूध आटवत ठेवलं की पांढऱ्या दुधाला हळूहळू गुलाबीसर, मग बदामी रंग चढतो. त्यात दुधाची साखर आणि दुधातली प्रथिनं यांचा संयोग होत असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया वर्णिली, आणि पावाची खरपूस कड, भाजलेल्या कॉफीचा रंग ही सगळी तिचीच करणी. चुलीवर ती तासाभरात होते. आपल्या अंगात, ३७ अंशांवर, ती अत्यंत संथपणे चालूच असते. रक्तात साखर जितकी जास्त आणि जितकी वर्षं जास्त, तितकी आतली बासुंदी दाट होत जाते.

या क्रियेचा एक नमुना तुम्ही पैसे मोजून तपासून घेता. एचबीएवनसी म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन. मधुमेहींच्या रक्तात ते वाढलेलं असतं हे तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांच्या ध्यानात आलं १९६०च्या दशकाच्या अखेरीस. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि चिकटलेल्या साखरेसकट मोडीत निघते. म्हणून हा रिपोर्ट गेल्या दोन-तीन महिन्यांचीच गोष्ट सांगतो, त्याआधीची पाटी पुसली जाते.

वेष्टन, अस्थिबंध आणि स्नायुबंध बनलेले असतात कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे, आणि हे धागे पेशींसारखे भराभर बदलले जात नाहीत. ते वर्षानुवर्षं तेच राहतात. त्यांच्यावर चिकटलेली साखर तिथेच मुरते, तिचे पुढे टिकाऊ पदार्थ बनतात आणि हे पदार्थ शेजारशेजारच्या धाग्यांना एकमेकांशी टाचून टाकतात. मऊ सुती कापडाला जागोजागी टाके घालत गेलं की त्याची गोधडी होते. गोधडी ऊब देते, पण ताणली जात नाही. शिवाय हे पदार्थ भोवतीच्या पेशींना डिवचतात. दाह सुरू होतो, तंतू विणणाऱ्या पेशी जखम भरून काढायच्या असल्यासारख्या कामाला लागतात आणि त्यांतल्या काही तर स्नायूसारख्या आकुंचन पावू लागतात. जखम नसतानाच व्रण तयार होतो आणि व्रण आकसतो. तळहाताच्या कातडीखालचा पापुद्रा आखडून बोटं वाकवणारा ड्युप्युट्रेनचा विकार याच जातीचा, आणि तोही मधुमेहींमध्ये जास्त आढळतो.

यातून एक कटू गोष्ट निघते. आजचा एचबीएवनसी ६.५ आला म्हणून खांदा सुरक्षित आहे असं समजायचं कारण नाही. त्या तीन महिन्यांच्या पाटीवर आधीची बारा वर्षं लिहिलेली नसतात, धाग्यांत असतात. मधुमेह जितका जुना, तितका खांदा आखडण्याचा धोका वाढतो. तरी आजची साखर ताब्यात ठेवण्याला अर्थ उरतो, कारण उद्याचे टाके आजच पडत असतात.

खांद्याच्या या दुखण्याचे आणखी काही नातेवाईक हातात सहज तपासता येतात. दोन्ही हात जोडून नमस्कार करा, कोपरं बाजूला उचला आणि बोटं, तळवे एकमेकांना पूर्ण टेकतात का ते बघा. जुन्या मधुमेहींच्या अनेक हातांत मधे फट राहते. इंग्रजी वैद्यकात याला प्रार्थनेची खूण म्हणतात, आपण नमस्काराची खूण म्हणू. ज्या मधुमेहींच्या हातांत ही फट असते, त्यांच्यात खांद्याचा त्रासही जास्त दिसतो. बोट वाकवलं की अडकून खटकन सुटणं, रात्री तळहाताला मुंग्या येऊन झोपमोड होणं, हीही याच घराण्यातली मंडळी.

खांद्याची प्रत्येक दुखी म्हणजे फ्रोजन शोल्डर नव्हे, हे सांगायला हवं. हात फिरवणारा स्नायुबंध फाटला असेल, तर माणसाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो जातो. आखडलेल्या खांद्यात दुसऱ्याने उचलला तरी जात नाही. दार आतूनच कडी घालून बंद आहे. मानेच्या मणक्यातून येणारी कळ बऱ्याचदा कोपराखाली बोटांपर्यंत जाते. थायरॉइडच्या विकारातही खांदा आखडतो, म्हणून ती तपासणीही बरोबर सांगितली जाते. आणि एक इशारा मधुमेहींसाठी जास्त मोलाचा आहे. डाव्या खांद्यात अचानक कळ आली, सोबत घाम, धाप, मळमळ किंवा छातीत जडपणा असेल, तर फिजिओथेरपिस्टची वेळ घेत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो.

आखडण्याची चाल ठरलेली असते. पहिले काही महिने दुखणं राज्य करतं, विशेषतः रात्री. मग दुखणं ओसरतं आणि ताठरपणा उरतो. शेवटी खांदा हळूहळू मोकळा होऊ लागतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. ‘आपोआप बरा होतो’ असं डॉक्टरही सांगत आले, आणि इथेच कॉडमनचा हट्ट आठवतो : पुढे काय झालं ते बघितलं का? अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा ६२ रुग्णांना सरासरी सात वर्षांनी पुन्हा बोलावलं गेलं. निम्म्या लोकांना थोडी दुखी किंवा थोडा ताठरपणा अजून होता. मधुमेहींचा खांदा तर जास्त रेंगाळतो, उपचारांना कमी दाद देतो, आणि एक मोकळा होईतो दुसरा आखडायला लागण्याचं प्रमाणही त्यांच्यात अधिक असतं.

उपचारांत सर्वांत जास्त नुकसान घाईने होतं. दुखण्याच्या पहिल्या काळात हात जोराने ओढणं, कुणाकडून चोळून ‘मोकळा’ करून घेणं म्हणजे सुजलेल्या वेष्टनाला नव्याने जखम करणं. नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला दुखेपर्यंत ताण देणारा व्यायाम दिला आणि दुसऱ्याला दुखण्याच्या मर्यादेत राहून रोजची हालचाल. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातले जवळजवळ नव्वद टक्के लोक चांगल्या स्थितीत होते, पहिल्या गटातले साठीच्या घरात. अर्थात उलटं टोकही वाईट. हात गळ्यात बांधून ठेवला की सांधा आणखी आटतो.

सुरुवातीचा सगळ्यात सोपा व्यायाम कॉडमनच्याच नावाने ओळखला जातो. चांगल्या हाताने टेबलाचा आधार घेऊन कमरेत वाकायचं, दुखरा हात सैल लोंबू द्यायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. जोर खांद्याने लावायचा नाही, अंगाने हलकेच डोलायचं. पुढे भिंतीवर बोटांनी मुंगीच्या पावलाने वर चढणं, पाठीमागे टॉवेल धरून चांगल्या हाताने वर ओढणं, दाराच्या चौकटीला कप्पी लावून दोरी ओढणं हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. शेक घेताना मधुमेहींनी पिशवीची उष्णता आधी घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी. नसांची जाणीव कमी झालेली असेल तर कातडी भाजल्याचंही कळत नाही.

सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन पहिल्या काळात दुखणं चांगलं कमी करतं. मधुमेहींमध्ये त्याने साखर काही दिवस चढते, कधी आठवडाभर. इंजेक्शन नाकारण्याचं हे कारण नाही. ते घेण्याआधी आपल्या शुगरच्या डॉक्टरांना कळवावं आणि घरी ग्लुकोमीटरवर रोज नजर ठेवावी, इतकंच. मला जास्त काळजी वाटते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांची, कारण मधुमेहात किडनी आधीच धोक्यात असते.

एवढ्याने भागलं नाही तर पुढची पायरी असते. सांध्यात सलाईन भरून वेष्टन आतून ताणणं, भूल देऊन हात फिरवणं, किंवा दुर्बिणीतून आखडलेलं वेष्टन सोडवणं. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी यांतल्या दोघांची, म्हणजे भूल देऊन हात फिरवण्याची आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची, तुलना स्टेरॉइडसह लवकर सुरू केलेल्या फिजिओथेरपीशी करते. वर्षाअखेरीस तिन्हींत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक निघाला नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी हा निकाल डॉक्टरांशी बोलून घ्यायला हरकत नसावी.

पुस्तक खाली ठेवून आत्ताच एक करून बघा. कोपरं कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि दोन्ही हात दारं उघडल्यासारखे बाहेर फिरवा. मग एकेक हात पाठीमागे नेऊन अंगठा मणक्यावर कुठवर चढतो ते बघा. डावा आणि उजवा यांत ठळक फरक असेल आणि तुम्ही चाळिशी ओलांडली असेल, तर हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि त्याच आठवड्यात उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी तपासून रिपोर्ट सोबत न्या. शुगर असल्याचं आधीच माहीत असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पावलं तपासल्यावर त्यांना खांदाही दाखवा. ते विचारतीलच असं नाही.